नऊ वेढ्यांची फीत

क्लॅगडेन गावात कुणाचं काही बिनसलं, शेगडी पेटली नाही, बस चुकली, जावई रुसला, की लोक नशिबाला बोल लावत नसत. म्हणत, "डिकच्या टोपीची फीत झालीय नुसती!" नऊ वेढे घेतले तरी जिची गाठ बसली नाही, ती फीत. हा डिक कोण, त्याची टोपी कसली, आणि त्याला एवढे वेढे घ्यायला सांगितलं होतं कुणी, हे साऱ्या इंग्लंडात कुणालाही ठाऊक नव्हतं. क्लॅगडेनमध्ये मात्र प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वेगळं ठाऊक होतं.

पाद्रीबुवांच्या मते डिक म्हणजे रिचर्ड, राजाला हटवून सत्ता घेतलेल्या क्रॉमवेलचा मुलगा, ज्याच्या डोक्यावर राज्य काही टिकलं नाही. 'तीन कावळे' या पबचा मालक हर्बर्ट पिकप याच्या मते डिक म्हणजे त्याच्या पणजोबांचं जुनं गिऱ्हाईक. हात असे थरथरायचे की स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नसे. आणि चर्चच्या रस्त्यावर एका दुकानाला पाटी होती: 'ऑलर्टन आणि मुलगे, टोपीवाले, स्थापना १८११.' तिच्याखाली बारीक सोनेरी अक्षरांत आणखी एक ओळ: 'डिकची टोपी इथलीच.'

पाटीवरचे मुलगे आता उरले नव्हते. उरली होती एक मुलगी, एस्थर, वय वर्षं एकसष्ट.

सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी गाव डिकदिन पाळत असे. दुकानातली काचेची पेटी चौकात यायची. पेटीतून निघायची फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक उंच काळी टोपी आणि तपकिरी रेशमी फितीचं एक भेंडोळं. टोपी ठेवायची पिकपांच्या घरच्या माणसाच्या डोक्यावर, कारण त्यांचाही डिकवर दावा होता. आणि फीत गुंडाळायची ऑलर्टनांच्या घरच्या माणसानं. गाव भोवती उभं राहून एकेक वेढा मोजायचं, आणि शेवटी दोन टोकं एकमेकांकडे बघत, हात न मिळवता तशीच राहायची. मग टाळ्या, मग बिअर, मग शेजारच्या गावाशी दोरीखेच.

आधी एस्थरचे वडील हे काम करत. नंतर ते तिच्या भावाकडे, लेनर्डकडे गेलं. लेनर्ड लढाईत विमानातून गेला आणि परतला नाही. त्याच्या सोबत्यांनी त्यांच्या बोलीत कळवलं, 'लेनी बर्टन आणायला गेला.' परत न आलेल्यांना ते असंच म्हणत. बर्टन म्हणजे काय, कुणी म्हणे बिअर, कुणी म्हणे आणखी काही. त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. एस्थरनं कधी विचारलंही नाही. काहीतरी आणायला गेलेला माणूस दारात तरी डोळ्यांपुढे उभा राहतो, एवढं तिला पुरे होतं. तेव्हापासून अठरा वर्षं फीत तिच्या हातात होती.

आणि फितीबरोबर एक गुपितही. ती डिकची फीत नव्हतीच. १९२१ साली, एस्थर एकवीस वर्षांची असताना, वडिलांनी बाजारातून पांढरी रेशमी फीत आणली होती आणि मागच्या खोलीत कडक चहाच्या पातेल्यात बुडवली होती. ढवळलं होतं एस्थरनं. "खरी फीत कसरीनं खाल्ली गं," वडील म्हणाले होते. "गावाला वाईट वाटेल. तू कुणाला बोलू नकोस." चाळीस वर्षं ती बोलली नव्हती. पण दर डिकदिनाला फीत हाती घेतली, की तिला त्या चहाचा वास यायचा.

गेल्या वर्षी दोरीखेच संपल्यावर ती हर्बर्टला म्हणाली होती, "पुरे झालं आता. टोप्या घालतं कोण? पोरं तर उघडबोडकी हिंडतात. पेटीला कुलूप घालावं म्हणते."

हर्बर्टनं गुपचूप एक पत्र टाकलं होतं.

त्या पत्राचं उत्तर म्हणून यंदा शुक्रवारी दुपारी मिस वेदरॉल गावात उतरल्या. पस्तिशीच्या, उंच, पावसाळी कोट, आणि काखेत बुटांचा पुठ्ठ्याचा खोका. त्या मोठ्या शब्दकोशाच्या कचेरीतून आल्या होत्या. खोक्यात बूट नव्हते. हाताएवढ्या कागदी चिठ्ठ्या होत्या, शेकड्यांनी, आणि दरेक चिठ्ठीवर एक म्हण.

"तू बोलावलंस हिला?" एस्थरनं हर्बर्टला पबच्या मागच्या दारात गाठलं. "मला न विचारता?"

"अगं, एकदाचा निकाल लागू दे. दीडशे वर्षं भांडतोय आपण. तू फीत दाखव, ती भिंग लावेल, दोन ओळी लिहील, की बॉब तुझा मामा! झालं काम."

"कोण हा बॉब?"

"त्याच्यासाठी दुसरी बाई बोलावू."

एस्थरला हसू आलं नाही. भिंग हा एकच शब्द तिच्या कानात राहिला.

चहाला मिस वेदरॉल दुकानात आल्या. एस्थरनं जिऱ्यासारख्या बियांचा केक कापला, ठेवणीतले कप काढले. बाई मायाळू होत्या, हे एस्थरला मुळीच बरं वाटलं नाही. खडूस माणसापासून काही लपवणं सोपं असतं.

"तुमच्या खोक्यातल्या म्हणींचं मूळ सापडतं का हो?" एस्थरनं विचारलं.

"छे! हे बघा." त्यांनी पत्ते पिसावेत तशा चिठ्ठ्या काढल्या. "'लॅरीसारखा खुशीत.' कोण लॅरी? माहीत नाही. 'माझा डोळा आणि बेटी मार्टिन', म्हणजे थापा. बेटी मार्टिन कोण? माहीत नाही. तुमचे पिकपसाहेब म्हणतात तो मामा बॉब? पाच जणांची पाच मतं. अकरा वर्षं मी हे काम करतेय, मिस ऑलर्टन. प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी मला दोनच शब्द लिहावे लागतात: उगम अनिश्चित."

"वाईट वाटत असेल."

"अनाथाश्रमात काम केल्यासारखं वाटतं," बाई म्हणाल्या आणि केकचा आणखी एक तुकडा घेतला. "कुणाच्याही बापाचं नाव नाही."

मग त्यांनी हळूच डिकची चिठ्ठी पुढे केली. "एक सांगायला हवं. ही म्हण छापलेली सापडते ती एकशे पासष्ट वर्षांपूर्वी. तुमच्या दुकानाला दीडशे झाली."

एस्थरनं कप खाली ठेवला. "डिक काय दुकानासकट जन्माला आला होता? दुकानाआधीही त्याला डोकं असेल की!"

मिस वेदरॉल खळखळून हसल्या. "तेही नाकारता येत नाही. म्हणून तर फीत बघायचीय. रेशीम किती जुनं आहे, ते विणीवरून कळतं मला. आता बघू?"

"डिकदिनाशिवाय पेटी उघडत नाही," एस्थर म्हणाली. ते खरं होतं म्हणून तिच्या तोंडून चटकन निघालं.

"मग उद्या. गाठ नाही बसली, की फीत माझ्या हातात द्या. चालेल?"

एस्थर चालेल म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पाहुणीला दारापर्यंत पोचवून ती परतली आणि भिंतीवरच्या वडिलांच्या तसबिरीखाली बराच वेळ उभी राहिली. उद्या या वेळेला गाव म्हणेल, म्हातारा ऑलर्टन खोटारडा होता. कोशात छापून येईल. मेल्यावर माणसाचं नाव तेवढं मागे उरतं, आणि तेच तिच्या हातून चहात बुडायचं होतं.

शनिवारी सकाळी ऊन लख्ख पडलं. एस्थरनं पेटी उघडली तर टोपीच्या माथ्याला पोचा आलेला. हे अशा दिवशी! मिस वेदरॉल कॅमेरा घेऊन येणार, आणि टोपीवाल्याच्या घरची टोपी पोचा आलेली? लोक म्हणणार, फीतही खोटी आणि हातही गेला. तिनं किटली ठेवली. टोपीला वाफ द्यायची ती लाकडी साच्यावर चढवून, हे ऑलर्टनांची पोरं दुधाच्या दातांबरोबर शिकत. पण या टोपीचा साचा सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात, कोळसा संपला तेव्हा, शेगडीत गेला होता. चांगला जळला होता. तीन दिवस ऊब दिली होती. "थोडीशीच वाफ," एस्थर स्वतःशी म्हणाली, आणि हातावरच टोपी फिरवत राहिली. पोचा निघाला. टोपी मांजरासारखी मऊ झाली. तिनं वरून ब्रश फिरवला आणि तशीच उन्हात सुकायला ठेवली. मनात दुसरंच काही असलं, की हात असे शिकलेलं विसरतात.

दोन वाजता चौक भरला. पाद्रीबुवा होते, बँडवाले होते, बाबागाड्या होत्या. पुढच्या रांगेत चाकाच्या खुर्चीत मिसेस ऑग्डन, वय अठ्ठ्याऐंशी, पूर्वीची कापडवाली. गुडघ्यावर घोंगडी, तोंडात पेपरमिंट. तिच्या शेजारी मिस वेदरॉल, मांडीवर खोका.

हर्बर्ट स्टुलावर बसला. एस्थरनं त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली.

"आवळतेय गं यंदा," तो कुजबुजला.

"डोकं फुगलंय तुझं. कोशवाल्यांना पत्रं लिहून."

"खरंच आवळतेय, एस्थर. कान दुमडले माझे."

"गप्प बस आणि डिकसारखा दिस."

बँडनं ढोल वाजवला, आणि गावानं दरवर्षीचं गाणं धरलं. एस्थरनं पहिला वेढा घातला.

एक वेढा उन्हाचा, दुसरा वेढा धुक्याचा,
तिसरा वेढा राजाचा, चौथा त्याच्या भाच्याचा,
पाचवा वेढा पाद्र्याचा, सहावा वेढा चोराचा,
सातवा वेढा सासूचा, आठवा वेढा पोराचा,
नववा वेढा डिकचा गं, वेढा आमच्या डिकचा,
गाठ काही बसेना, दोष सांगा कुणाचा?

सहाव्या वेढ्यालाच एस्थरच्या बोटांना काहीतरी वेगळं वाटलं. अठरा वर्षांत बोटांना फीत पाठ झाली होती: कुठल्या वेढ्याला हातात किती उरते, ते न बघता कळायचं. आज जास्त उरत होती. आठव्याला तिला किटली आठवली. साच्यावाचून वाफ दिलेलं फेल्ट आकसतं. एका वेढ्याला बोटाच्या पेराएवढंच. पण नऊ वेढ्यांची नऊ पेरं!

नववा वेढा पुरा झाला आणि दोन्ही टोकं तिच्या हातात लोंबू लागली. चांगली चार-चार बोटं. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, दोन जुने ओळखीचे भेटावेत तशी.

गाणं थांबलं. चौक बघत होता. टोकं सोडून द्यावी तर ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पुरत होती. एस्थर टोपीवाल्याची पोर. पुरणारी फीत बांधल्यावाचून सोडायला तिचे हात तयार होईनात. तिनं एक फेर दिला, ओढलं. गाठ बसली. छोटीशी, घट्ट, सुरेख गाठ.

चौकात इतकी शांतता झाली, की बँडवाल्याच्या तुतारीतून थुंकी ठिबकल्याचं ऐकू आलं.

"काय झालं?" हर्बर्ट टोपीखालून विचारू लागला. "एस्थर? काय झालं?"

"बसली," एस्थर म्हणाली.

"काय बसली?"

"गाठ."

"कसली गाठ?" आणि मग, एका श्वासात, "देवा रे!"

मिस वेदरॉल उठून उभ्या राहिल्या होत्या. भिंग हातात होतं. एस्थरनं त्या भिंगाकडे पाहिलं, गाठीकडे पाहिलं, आणि एकाएकी तिला चाळीस वर्षांचा शीण आला. ती मोठ्यानं बोलली, मागच्या बाबागाड्यांपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"भिंग नका लावू, बाई. मीच सांगते. ही फीत डिकची नाही. एकोणीसशे एकवीसची आहे. माझ्या वडिलांनी आणली आणि मी चहात रंगवली. खरी कसरीनं खाल्ली, असं ते म्हणाले. मी कुणाला सांगितलं नाही. गावाची मी माफी मागते. पण माझ्या वडिलांना कुणी खोटारडा म्हणू नका. त्यांना गावाचं मन मोडवेना, एवढंच."

पुढच्या रांगेत कुणीतरी खुदखुदलं. चाकाची खुर्ची हलू लागली. मिसेस ऑग्डन हसत होती. पेपरमिंट घशात जाईल अशी हसत होती.

"अगं पोरी," ती एकसष्ट वर्षांच्या एस्थरला म्हणाली, "मला काय सांगतेस? फीत मापून दिली कुणी? मी! पावणेसहा यार्ड. मी म्हटलं, मिस्टर ऑलर्टन, आणखी वीतभर घ्या, गाठीला लागेल. तर म्हणतात कसे, 'नेली, गाठ बसायलाच नकोय!' दुकानातून ते बाहेर पडले नाहीत, तोवर मी सगळ्या रस्त्याला सांगून मोकळी!"

"सगळ्या रस्त्याला?"

"रस्त्याला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. मला काय, पोटात राहतंय थोडंच!"

एस्थरनं चौकाकडे पाहिलं. पाद्रीबुवा बुटांच्या टोकांकडे बघत होते. बेकरीवाली हसू दाबत होती. दर डिकदिनाला याच माणसांनी श्वास रोखून वेढे मोजले होते, गाठ न बसल्यावर हळहळले होते, टाळ्या पिटल्या होत्या.

तिनं हर्बर्टच्या डोक्यावरून टोपी उपटायला घेतली, ती निघेना. "तुला ठाऊक होतं?"

"आईनं सांगितलं होतं. ओढू नकोस, कान!"

"मग इतकी वर्षं माझ्याशी भांडलास कशाला? डिक दारुडा होता, डिक आमचा होता..."

"मग काय बोलायचं होतं तुझ्याशी?" हर्बर्ट म्हणाला. "पावसापाण्याबद्दल?"

"आणि पत्र?"

"तू पेटीला कुलूप घालायला निघालीस." तो टोपीखालून पुटपुटला. "म्हटलं, बाहेरचं कुणी एवढ्या लांबून फीत बघायला आलं, तर हिला जरा हुरूप येईल. भिंगाचा विचारच केला नाही मी. मी पबवाला माणूस."

आधी एस्थरला राग आला. निदान तिनं तशी तयारी केली. पण राग ओठांशी आला तो हसू होऊन आला. हसत हसत तिनं सकाळच्या किटलीचंही सांगून टाकलं, तसा चौक सुटला. ढोल वाजला, बिअरचे पेले निघाले, आणि कुणीतरी नवी ओळ जोडूनही टाकली:

दीडशे वर्षं फिरली गं, आज कशी ही बसली?
टोपीवालीच्या किटलीची वाफ टोपीला डसली!

टोपी मात्र निघत नव्हती. गाठ सोडू द्यायला हर्बर्ट तयार नव्हता. म्हणाला, दीडशे वर्षांत एकदा बसलीय, राहू दे संध्याकाळपर्यंत. तो तसाच टोपी घालून बिअर भरत राहिला.

आणि त्याच संध्याकाळी ते सुरू झालं. मँचेस्टरची बस आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आली, तर थांब्यावरचा एक जण म्हणाला, "डिकची गाठ बसली म्हणायची!" क्लॅगडेननं दोरीखेच जिंकली, नऊ वर्षांनी, गाव ओरडलं, "डिकची गाठ बसली!" बेकरीवालीच्या लेकीला तिच्या लाजऱ्या मित्रानं अखेर मागणी घातली, तेव्हा तिची आई रडत रडत तेच म्हणाली.

मिस वेदरॉल पबच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी भिंग कधीच पर्समध्ये टाकलं होतं. एस्थर त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"वडिलांबद्दल काय लिहाल?"

"डिकच्या चिठ्ठीवर? जे होतं तेच. उगम अनिश्चित." मग त्यांनी खोक्यातून एक कोरी चिठ्ठी काढली. "ही दुसरी. तुम्ही वाचून बघा, काही चुकलं तर सांगा."

चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'डिकची गाठ बसली. अशक्य वाटणारी गोष्ट घडली असता म्हणतात. क्लॅगडेन, ९ सप्टेंबर १९६१.' आणि खाली, जरा हललेल्या अक्षरांत: 'उगम: मिस एस्थर ऑलर्टन, टोपीवाली, यांची किटली. लेखिकेनं स्वतः पाहिलं.'

"अकरा वर्षांत पहिलीच," बाई म्हणाल्या. त्यांचं नाक लाल झालं होतं. "हिला आई आहे."

एस्थरनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि जपून परत दिली, ओल्या फेल्टसारखी, काठ न दाबता.

पेटीला कुलूप लागलं नाही. पुढच्या डिकदिनाआधी एस्थरनं सगळ्या गावासमोर, गाठ पुन्हा बसू नये म्हणून, फीत वीतभर कापली. दुसरं टोक हर्बर्टनं धरलं, मिसेस ऑग्डननं माप घेतलं. कापलेला तुकडा वडिलांच्या तसबिरीला बांधला. तो तिथे छान बसला.

त्यानंतरच्या वसंतात एस्थर एकदा मँचेस्टरहून बसनं येत होती. मांडीवर टोपीचा डबा. मागच्या बाकावर दोन अनोळखी बायका बोलत होत्या. त्यांतली एक म्हणाली, पोरगा परीक्षा पास झाला, डिकची गाठच बसली.

"ही म्हण कुठून आली ठाऊक आहे?" दुसरी म्हणाली. "डिक नावाचा एक नवरदेव होता. नऊदा लग्न ठरलं, नऊदा मोडलं. दहाव्यांदा बसली गाठ."

"भलतंच! डिक खलाशी होता. वादळात शिडाची गाठ बसेना, म्हणून..."

"माझा डोळा आणि बेटी मार्टिन! माझ्या आजीपासून ऐकतेय मी."

एस्थर खिडकीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते. दोन वर्षंही झाली नव्हती, आणि लेकरू आईचं बोट सोडून गावोगाव पळालंही होतं.

"अहो बाई," मागून कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावला, "तुम्ही इकडच्याच दिसता. तुम्हीच सांगा, कोण होता हो हा डिक?"

एस्थर वळली. डबा नीट मांडीवर घेतला. वडील गिऱ्हाइकापुढे टोपी काढण्याआधी घेत तसा एक दम घेतला.

"त्याचं असं झालं," ती म्हणाली, "क्लॅगडेनला एक टोपीवाला होता. आणि त्याला, बघा, गावाचं मन मोडवत नसे..."